गिऱ्ह्याचा पहिला श्वास

ऑडिओबुकसाठी मी वाचलेलं चौदावं प्रकरण तपासून परत आलं तेव्हा सोबत एकच शेरा होता : "'हे काय झालं?' या वाक्याच्या आधीचं वाक्य वाचायचं राहिलं आहे का?" वाक्य राहिलं नव्हतं. तिथला एक श्वास गेला होता, आणि त्या श्वासासाठी मी आधीची तेरा प्रकरणं निराळ्या पद्धतीने वाचली होती.

ऑडिओबुकसाठी आलेली ही कादंबरी म्हणजे खाडीवर तरीची तिकिटं फाडणारी एक बाई आणि त्या खाडीतला गिऱ्हा यांची प्रेमकथा. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत. अशा सोज्वळ प्रेमकथेला 'स्वीट' म्हणतात. खोलीचं दार लागलं की कथा बाहेरच थांबते, आणि सगळी जवळीक "जेवलीस का?", "पाणी चढतंय, मागे सर" अशा बोलण्यात असते. रिवाज जुना आहे. फ्रान्समध्ये १७४० साली व्हिल्नव्हबाईंनी सुंदरी आणि पशूची गोष्ट छापली, १७५६ मध्ये ब्योमाँबाईंनी ती आटोपशीर केली. त्यातला पशूही रोज जेवणाच्या वेळी येऊन बसतो आणि लग्नाचं विचारतो. फरक एवढाच, की त्या पशूचा शेवटी राजपुत्र होतो आणि आमचा गिऱ्हा शेवटपर्यंत गिऱ्हाच राहतो. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

भुताचा आवाज म्हटलं की बहुतेक जण घसा खरवडतात. दोन पानं ते बरं वाटतं, पण इअरफोनमध्ये दहा तास कोण सोसेल? शिवाय वीस मिनिटांत घसा बसतो तो वेगळाच. खर्ज घशातून काढायचा नसतो, माइककडून घ्यायचा असतो. आमचा माइक समोरचंच ऐकणारा आहे, आणि अशा माइकच्या जितकं जवळ जावं तितके खालचे सूर फुगतात. म्हणून निवेदन आणि बाईचं बोलणं वीतभर अंतरावरून, आणि गिऱ्हा चार बोटांवरून, आवाज निम्म्यावर आणून. तोंड मात्र जरा तिरकं ठेवायचं, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चा वारा माइकच्या बाजूने निघून जातो.

इतक्या जवळून मराठीतले दंत्य 'च' आणि 'ज' फार टोचतात. 'जवळ', 'जरा', 'चांगलं' यांत शिट्टी येते. 'जीव' आणि 'चिखल' यांत येत नाही. 'माझा' टोचतो, 'माझी' टोचत नाही. छापील पानावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आदल्या रात्री सगळ्या संहितेवर पेन्सिलने नुक्ते देते. नंतर मशीनने शिट्टी कमी करता येते, पण हात जरा जड पडला की 'जवळ' बोबडं होतं. प्रेमकथेत 'जवळ' बोबडं होऊन कसं चालेल?

आता श्वासाचं. बुडून मेलेल्याला श्वास कुठून असणार? लेखिकेने हे कुठेही लिहिलेलं नाही, पण पाळलं आहे. गिऱ्हा उसासा टाकत नाही, धापा टाकत नाही, त्याची वाक्यंही तोकडी आहेत. म्हणून त्याचं बोलणं सहा-सात शब्दांच्या तुकड्यांत घेतलं आणि प्रत्येक तुकड्याआधी मान वळवून श्वास घेतला. तरी जे श्वास माइकने पकडले ते एडिटरने कापले आणि तिथे रेकॉर्डिंगच्या बूथची शांतता भरली. ही शांतता आधीच ३० सेकंद रेकॉर्ड करून ठेवायची असते, पंखा आणि एसी बंद करून. नुसती कोरी जागा सोडली तर कानाला खोलीच नाहीशी झाल्यासारखी वाटते. आमच्या एडिटरने हे काम इतकं सफाईने केलं की तेरा प्रकरणांत एकही सांधा सापडत नाही.

चौदाव्यात काय होतं? पहिल्या पानापासून ती त्याला "अरे" म्हणते. भुताला कोण अहो-जाहो करणार? पण त्या रात्री दिवे जातात, आणि कामाच्या नादात तिच्या तोंडून निघून जातं, "अहो, ऐकलंत का, तो कंदील आणा जरा." मग एक कोरी ओळ. मग तिचं "हे काय झालं?" पुढच्या पानावर खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली तिला दिसते. त्या 'अहो'चा अर्थ मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. कोऱ्या ओळीत मी गिऱ्ह्याचा पहिला श्वास घेतला, ०.८ सेकंदांचा. लेखिकेला आधी विचारलं होतं, तिने आनंदाने होकार दिला होता.

एडिटरने तो कापला. माझ्या टिपणात लिहिलं होतं : 'गिऱ्ह्याचे सगळे श्वास काढा.' त्याने टिपण पाळलं, दोष त्याचा नाही. पण तपासणीची पद्धतच अशी की श्वास म्हणजे दोष. मागचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली, वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ मध्ये, सर्वात मोठा आवाज उणे ३ च्या वर नको. हे सगळं मशीन अचूक मोजतं. कोणता श्वास पात्राचा आणि कोणता वाचणाऱ्याचा, हे माणसानेच ऐकायला हवं, आणि तेवढा वेळ कोणी देत नाही. ऐकणारेही दीडपट वेगाने ऐकतात. माझे ०.८ सेकंद त्यांच्या कानात अर्ध्या सेकंदावर येतात. त्यातून ॲपमधलं 'शांतता वगळा' चालू असेल तर तेवढेही उरतील की नाही कोण जाणे.

पुन्हा घेऊन पाहिला. तीन टेक झाले, आणि तिन्ही नाटकातल्या नायिकेच्या उसाशासारखे आले. मूळचा श्वास खरा होता, कारण त्याआधीचं निवेदनाचं लांबलचक वाक्य मी एका दमात संपवलं होतं आणि छातीत हवाच उरली नव्हती. कच्ची फाइल जपून ठेवलेली होती, त्यातून तोच काढला. तो फार हळू होता. ६ डेसिबलने वाढवला तर मागची खरखरही तेवढीच वाढली. शेवटी तो होता तसाच ठेवला आणि त्याच्या आधी अर्धा सेकंद बूथची शांतता घातली. आता इअरफोनमध्ये नीट ऐकू येतो. खाली माझ्या सुती ओढणीची बारीक सळसळ आहे. ती काढायला गेलं की श्वासाची कड जाते, म्हणून ठेवली.

आता टिपणात 'सगळे' हा शब्द लिहीत नाही. प्रकरण, मिनिट, सेकंद, आणि काढायचा की ठेवायचा. विसाव्या प्रकरणात तो झोपलेला आहे, तिथले अकरा श्वास एकेक करून लिहून दिले आहेत. अडलंय ते सतराव्यात. तिथे ती नाही, तो एकटाच खाडीशी बोलतो. पंधरा आणि सोळामध्ये ती समोर असताना त्याला श्वास दिला आहे. ती नसतानाही तो घेत असेल का, याबद्दल पान गप्प आहे. सतरावं दोन्ही तऱ्हांनी रेकॉर्ड केलंय. लेखिकेला दोन्ही फाइल पाठवते आहे, कोणती कुठली हे न सांगता.