अजब बंगला: जनावरं बघा, पण तांब्याच्या कुऱ्हाडींपाशी थांबा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे आपला अजब बंगला. ऑटोवाल्याला हेच नाव सांगा. मेट्रोने येत असाल तर झिरो माईल फ्रीडम पार्कला उतरा, तिथून जवळ आहे. सोमवारी बंद असतं.

सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना, १८६३ मध्ये हे संग्रहालय सुरू झालं. मुंबईच्या राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय आज ज्या इमारतीत आहे, ती लोकांसाठी खुली झाली १८७२ मध्ये. म्हणजे आपला अजब बंगला त्या इमारतीच्या नऊ वर्षं आधी सुरू झालेला. नागपूरकरांनी हे अभिमानानं सांगायला हवं, पण आपल्यातल्या कित्येकांनी शाळेच्या सहलीनंतर इथे पाऊल ठेवलेलं नसतं.

बहुतेक कुटुंबं पेंढा भरलेले पशुपक्षी बघतात आणि निघतात. भाचीलाही तेच हवं होतं, म्हणून तिला आईसोबत तिकडे सोडलं आणि मी पुरातत्त्वाकडे वळलो. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला १८७० मध्ये गुरं चारणाऱ्या पोरांना तांब्याच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला होता. चारशेहून जास्त तांब्याची हत्यारं, सोबत चांदीचे पातळ पत्रे. त्यातली काही हत्यारं लंडनला गेली, काही इथे आली. पसरट, हिरवट पडलेल्या या कुऱ्हाडींची धार जरा वाकून, बाजूने बघा. लोखंड येण्याआधीच्या माणसाचं काम आहे ते! इथे घाई करू नका.

शिलालेखांसाठीही वेळ ठेवा. माळव्याच्या परमार राजघराण्याची इसवी सन ११०४-०५ ची प्रशस्ती, म्हणजे राजांची स्तुती करणारा शिलालेख, या संग्रहात आहे, अभ्यासक तिला नागपूरच्याच नावाने ओळखतात. माळव्याच्या राजांची वंशावळ आपल्या गावात दगडावर कोरलेली असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. लिपी येत नसली तरी अक्षरांची ठेवण बघण्यासारखी असते. दगडाला हात मात्र लावू नका.

चित्रं, शस्त्रं आणि आदिवासी कलेची दालनंही आहेत. त्यातलं आदिवासी दालन चुकवू नका. गोंड राजाने वसवलेल्या शहरात ते सगळ्यात आधी बघायला हवं, असं माझं मत.

तिकिटाला सुटे पैसे ठेवा, फोटो काढायचे असतील तर खिडकीवरच विचारून घ्या. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू असलं की सिव्हिल लाइन्समध्ये जागोजागी बॅरिकेड लागतात. तेव्हा गाडी घरीच ठेवा, मेट्रोनेच या.