आमची वाटचाल : दोन पूर, एक लॉकडाउन आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान

सांगलीच्या गावभागात आमचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळून देण्याचं दुकान आहे. काम बहुतेक शेतीपंपांचं : ५ आणि ७.५ एचपीचे मोनोब्लॉक, ओपनवेल, सबमर्सिबल आणि त्यांचे स्टार्टर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. पुढच्या वर्षी लॉकडाउन आला आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर, ५४ फुटांच्या वर. या धंद्यात पुराचा फटका दुहेरी बसतो. दुकान बुडतं, आणि ज्यांच्या मोटारी नदीकाठी बुडाल्या ते शेतकरी त्याच आठवड्यात दारात उभे राहतात. खचून बसायला सवड नसते. अशा वेळी सावरतो तो कामाचा क्रम.

पाणी उतरलं की झाडू हातात घेण्याआधी फोटो काढायचे आणि पंचनामा करून घ्यायचा. भिंतीवरची पाण्याची रेघ, रॅकमधला माल, यंत्रांच्या नंबरप्लेट, सगळं फोटोत आलं पाहिजे. त्यानंतर धुणं, आणि तेही गाळ ओला असतानाच. कृष्णेचा काळा गाळ एकदा वाळला की वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीत गुंडाळलेल्या तारांमध्ये घट्ट बसतो, मग खरवडताना तारेचं इनॅमल, म्हणजे वीजरोधक लेप जातो. दुकानातली वीज सर्वांत शेवटी जोडायची.

मालाच्या बाबतीत मन घट्ट करावं लागतं. पुरात भिजलेली तांब्याची तार दिसायला कोरी दिसते, पण इनॅमलला कुठे टोचा पडलाय ते डोळ्यांना कळत नाही. ती मोडीतच द्यायची. इन्सुलेशन पेपर आणि स्लीव्ह टाकून द्यायचे. बेअरिंग हाताने छान फिरत असलं तरी ग्रीसमध्ये गाळ शिरलेला असतो, ते नवंच घालायचं. व्हार्निशचा सीलबंद डबा मात्र बाहेरून धुऊन वापरता येतो.

बुडालेली प्रत्येक मोटार जळलेली नसते, हे गिऱ्हाइकाला समजावणं फार महत्त्वाचं. पुराच्या वेळी लाइट बंद असेल तर वाइंडिंग बहुधा वाचलेलं असतं. ते जळतं नंतर, मोटार दोन दिवस उन्हात ठेवून बटण दाबलं की. वरून कोरडी दिसली तरी स्लॉटच्या, म्हणजे तार बसवलेल्या खाचांच्या आत ओल असते. म्हणून मोटार पूर्ण खोलायची, रोटर (फिरणारा भाग) बाहेर काढायचा, स्टेटर (तार गुंडाळलेला स्थिर भाग) कमी दाबाच्या स्वच्छ पाण्याने गढूळपणा जाईपर्यंत धुवायचा. मग ओव्हन. आधी ६० अंश, पुढे हळूहळू ८० ते ९०. १०० च्या वर घाईने नेलं तर अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन इन्सुलेशन फाटतं.

इथे ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मेगाओहममध्ये मोजणारं यंत्र, हाताशी ठेवून दर तासाला रीडिंग लिहायचं. सुरुवातीला आकडा वाढण्याऐवजी खाली येतो. नवशिका कारागीर इथेच धीर सोडतो आणि वाइंडिंग कापायला घेतो. स्टेटर गरम होताना आतली ओल पसरते, म्हणून आकडा पडतो. ओल बाहेर पडू लागली की तो चढतो आणि मग एका जागी स्थिर होतो. सलग काही तास स्थिर राहिला म्हणजे मोटार वाळली. गार झाल्यावर ५ मेगाओहमच्या खाली असेल तर आम्ही ती देत नाही. त्यानंतर व्हार्निशचा हात आणि पुन्हा भट्टी. आत पाणी भरूनच चालणाऱ्या सबमर्सिबलला हा त्रास सहसा नसतो. तिचं पॅनेल आणि स्टार्टर तेवढे जातात.

रांग लावतानाही क्रम ठरलेला असतो. आधी गावच्या पिण्याच्या पाण्याचे पंप, मग रोपवाटिका आणि भाजीपाला, नंतर ऊस. ओळखीपाळखीवर ही रांग मोडायची नाही. गिऱ्हाइकं रागावतात, पण पुढच्या हंगामात तीच परत येतात.

लॉकडाउनचा घाव वेगळा होता. शेतीपंपाच्या दुरुस्तीला परवानगी होती, पण तार आणि बेअरिंग वेळेवर मिळेनात. कर्जाच्या हप्त्यांना २०२० च्या मार्च ते ऑगस्ट सवलत मिळाली, व्याज मात्र चालूच राहिलं. ज्याला जमेल त्याने निदान व्याज तरी भरत राहावं, हे आमचं स्पष्ट मत आहे. पुढे तांबं भडकलं. २०२१ च्या मे महिन्यात लंडनच्या बाजारात ते टनाला १०,००० डॉलरच्या वर गेलं. तेव्हापासून आम्ही ठोक दर सांगत नाही. तार वजनावर, त्या दिवसाच्या भावाने; मजुरी वेगळी; जळकं तांबं गिऱ्हाइकासमोर तोलून बिलातून वजा.

विम्यात एक बाब हमखास राहून जाते. दुरुस्तीला आलेल्या मोटारी आपल्या मालकीच्या नसतात. गिऱ्हाइकाचा माल ताब्यात असतो हे पॉलिसीत लिहून घेतलं नसेल तर त्याची भरपाई मिळणं कठीण. मालाची रक्कमही पुरेशी दाखवावी. हप्ता वाचवायला ती कमी दाखवली, तर भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते.

आता दुकानातला मीटर आणि बोर्ड डोक्याच्या वर आहे, तार-पेपर माळ्यावर आणि ओव्हन लोखंडी चॅनेलवर उचललेला. मोटारींना कागदी चिठ्ठी लावणं बंद केलं. पुरात चिठ्ठ्या विरघळतात आणि कुणाची मोटार कुणाची, यावर भांडणं होतात. बॉडीवरच पंचने नंबर ठोकतो आणि नोंदवहीच्या पानाचा फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या सखल भागात पाणी शिरल्याची बातमी आली की टेम्पो बोलवायचा. आधी गिऱ्हाइकांच्या मोटारी नदीपासून दूरच्या विश्रामबागेकडे जातात, मग मेगर आणि कॉइल मशिन, आणि जागा उरली तर आमचा माल.