स्टँडिंग सीम छताचं स्पेसिफिकेशन: कंपनीचं नाव लिहून काम संपत नाही

टेंडरमध्ये पत्र्याच्या छताची बाब बऱ्याचदा अशी असते: ‘अमुक कंपनीचा ०.५० मिमी स्टँडिंग सीम पत्रा किंवा समतुल्य, क्लिपा व स्क्रूसह, पूर्ण.’ पुढे सगळा वाद ‘समतुल्य’वरच होतो. स्टँडिंग सीममध्ये शेजारच्या पत्र्यांच्या उभ्या कडा एकमेकींत मुडपून खालच्या क्लिपांवर धरलेल्या असतात. पत्र्याच्या अंगातून स्क्रू जात नाही. प्रत्येक कंपनीची मुडप वेगळी, क्लिप वेगळी, मशीन वेगळं. त्यामुळे एकाचा पत्रा आणि दुसऱ्याची क्लिप एकत्र चालत नाही. पत्रा, क्लिप, स्क्रू, फ्लॅशिंग (कडा-सांधे झाकणारी पत्र्याची पट्टी), फोमचे क्लोजर (टोकाच्या फटी बंद करणारे तुकडे) आणि सीलंट (सांधे बुजवणारा लेप) ही एकच प्रणाली आहे आणि तिची जबाबदारी एकाच पुरवठादाराची, हे वाक्य बाबीत सर्वात आधी यायला हवं.

मग जाडी. नुसतं ‘०.५० मिमी’ म्हणजे काहीच नाही. पोलादावर गंज टाळणारं कोटिंग असतं; त्यातलं एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम ॲल्युमिनियम-झिंक. दर बाजूला साधारण २० मायक्रॉन. वर रंगाचे २५ आणि मागच्या बाजूला १० मायक्रॉन धरले, तर पोलाद सोडून ०.०७५ मिमी होतात. तयार पत्रा ०.५० भरला तर आत पोलाद उरतं ०.४२५, म्हणजे १५ टक्के कमी. ठेकेदाराने फसवलेलं नसतं, तुम्हीच सांगितलेलं नसतं. म्हणून ‘कोटिंग व रंग सोडून मूळ पोलादाची जाडी’ असं स्पष्ट लिहा. कोटिंगसाठी आयएस (भारतीय मानक) १५९६१ आणि रंगीत पत्र्यासाठी आयएस १५९६५ हे संदर्भ द्या. कॉइलच्या (पत्र्याच्या गुंडाळीच्या) टेस्ट सर्टिफिकेटवरचा नंबर साइटवरच्या कॉइलच्या टॅगशी जुळलाच पाहिजे, हेही लिहा.

पोलादाची ताकद माहितीपत्रकातून उचलू नका. ५५० एमपीए (मेगापास्कल) ताकदीचं पोलाद क्लिपेवर दाबून बसणाऱ्या पत्र्याला छान चालतं, पण मशीनने पूर्ण मुडपायच्या कडेला ते फार कडक पडतं आणि घडीवर चिरण्याचा धोका असतो. तिथे कमी ताकदीचं, जास्त लवचीक पोलाद लागतं. दोन कंपन्यांच्या पत्रकांतून निवडक ओळी जोडल्या, की कुणालाच बनवता न येणारं छत कागदावर तयार होतं.

सर्वात जास्त वेळ वाऱ्याला द्या. आयएस ८७५ भाग ३ (२०१५) नुसार मुंबईचा मूलभूत वेग ४४ मीटर प्रति सेकंद, पुण्याचा ३९. जागा, उंची वगैरेंचे सगळे गुणक १ धरले तर मुंबईत दाब ०.६ × ४४² म्हणजे चौरस मीटरला १.१६ किलोन्यूटन. कडेला आणि कोपऱ्यात वरची ओढ बरीच वाढते. आतला दाब धरून एकूण गुणांक २.२ आला असं समजा: २.५५ किलोन्यूटन, जवळपास २६० किलो. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाचेक किलो! आता ४०० मिमी रुंद पत्रा आणि दीड मीटरवर पर्लिन (पत्र्याखालची आडवी तुळई) घेतलं, तर एका क्लिपेवर ०.६ चौरस मीटरचा भार, म्हणजे १.५३ किलोन्यूटन. कोपऱ्यातली पर्लिनं एक मीटरवर आणली की तोच भार १.०२ वर येतो. छताचे मधला भाग, कडा आणि कोपरे असे तीन विभाग नकाशावर दाखवा, प्रत्येकाचा दाब लिहा. समतुल्य म्हणून आलेल्या प्रणालीने हे आकडे पार केले पाहिजेत. खरी कसोटी हीच.

पुरावा म्हणून एएसटीएम ई १५९२ या, पत्र्याच्या छताची दाबाखालची भारक्षमता मोजणाऱ्या अमेरिकी चाचणीचा अहवाल मागा. यूएल ५८० या दुसऱ्या अमेरिकी चाचणीचा वर्ग पुष्कळदा पुढे केला जातो, पण ती ठरावीक १० × १० फुटांच्या, कडेने बांधलेल्या नमुन्याची चाचणी. त्यातून तुमच्या पर्लिनांच्या अंतराला चालणारी भारक्षमता मिळत नाही. अहवाल त्याच प्रोफाइलचा (पत्र्याच्या आकाराचा), त्याच जाडीचा, त्याच क्लिपेचा आणि तेवढ्याच अंतराचा हवा. पर्लिनाची जाडीही तपासा: २.५ मिमी पर्लिनावर टिकलेला स्क्रू १.६ मिमीतून उपटून येऊ शकतो.

प्रसरणाची गाठही या जोडणीशीच आहे. तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर ३० मीटरचा पोलादी पत्रा १८ मिमी सरकतो, ॲल्युमिनियमचा जवळपास दुप्पट. पत्रा एकाच रेषेवर पक्का धरायचा, बहुधा आढ्याशी, आणि वळचणीकडे मोकळा सोडायचा. ही रेषा नकाशावर दाखवली नाही तर फिटर दोन्ही टोकं स्क्रूने आवळतो आणि पुढे स्क्रूची भोकं लांबट होऊन गळती लागते. सोलर पॅनेलचे क्लॅम्प मुडपेवरच बसवायचे, पण खालच्या क्लिपेच्या नेमके वर नाही; तिथे आवळले की पत्र्याचं सरकणं अडतं. सोलर नंतर बसणार असलं तरी ही अट आजच लिहा.

सरकारी कामात एकच ब्रँड लिहिणं सहज शक्य नसतं. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे तशा खरेदीला प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट (ही वस्तू याच कंपनीची का हवी, याचा दाखला) लागतं. अशा वेळी दोन-तीन मान्य मेक आणि वरचे आकडे, हा सरळ मार्ग. पर्यायी मेकचा प्रस्ताव निविदा उघडण्याआधी, अहवालांसकट यावा. काम मिळाल्यावर आलेला प्रस्ताव मला तरी मान्य नाही. खासगी कामात एकच नाव द्यायचं असेल, तर त्या कंपनीकडून दर आधी लेखी घ्या.

साइटच्या अटी थोड्या, पण सक्तीच्या: पत्रा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) किंवा कात्रीने कापायचा, ग्राइंडरने नाही, कारण ठिणग्या रंगात रुततात; लोखंडाचा कीस रोज संध्याकाळी झाडायचा; ओली थप्पी रचून ठेवायची नाही; ओला सिमेंटचा माल, तांबं, शिसं पत्र्याला लागू द्यायचं नाही; सिलिकॉन सीलंट न्यूट्रल क्युअरचं (सुकताना आम्ल न सोडणारं).

हमीपत्रं तीन वेगळी मागा: कोटिंगचं, रंगाचं आणि गळतीचं. कोकणात आणि गोव्यात समुद्रापासूनचं अंतर लिहून साइटच्या नावानेच पत्र घ्या. वळचणीखालच्या, पावसाने न धुतल्या जाणाऱ्या भागाचा अपवाद त्यात आहे का, तेही वाचा. तिथे मीठ साचून राहतं.

मोजमाप आयएस १२०० भाग ९ प्रमाणे, उतारावरच्या पूर्ण झालेल्या क्षेत्राचं. जोडांवर पत्रा पत्र्यावर चढतो त्या भागाचे वेगळे पैसे नाहीत. आढ्याची टोपी, पन्हळ आणि फ्लॅशिंग मीटरवर, गर्थ (घड्या उलगडून मोजलेली रुंदी) सांगून. गर्थ लिहिला नाही तर ३०० मिमीच्या फ्लॅशिंगचा दर भरून ६०० मिमीच्या जागी वाद उभा राहतो.