देवघराचा कोनाडा रिकामा का, तुम्ही विचारलंत म्हणून

विचारणारे दोन तऱ्हेचे आहेत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकू, आत्या, स्थळं घेऊन येणारी मंडळी विचारतात, "एवढा नवा फ्लॅट घेतलास आणि देवघराचा कोनाडा रिकामा? देव मानत नाहीस का?" कंपनीतले माझ्या वयाचे उलटं विचारतात, "इंजिनिअर असून ट्रेलरपुढे नारळ फोडतोस, देव मानतोस का?" समोरच्या फ्लॅटमधल्या बेन पहिल्याच दिवशी चहा घेऊन आल्या आणि घरभर नजर टाकून म्हणाल्या, "तमारुं मंदिर क्यां?" आजवर मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. कोणाला 'सुतार मिळत नाही', कोणाला 'मुहूर्त बघतोय'. दोन्ही खोटं होतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

नारळाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. मी ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला आहे. सव्वासहाला वाघोडिया रोडवर कंपनीची बस येते, घरी परतेपर्यंत सात वाजतात, आणि मधला सगळा दिवस ओलाव्याशी झगडण्यात जातो. तांब्याच्या गुंडाळ्यांभोवती कागद असतो. त्यात ओलावा राहिला की कागद अकाली म्हातारा होतो आणि त्याबरोबर ट्रान्सफॉर्मरही. म्हणून तेल भरण्याआधी आतला सगळा भाग भट्टीत, निर्वातात तापवून सुकवायचा. ओलावा अर्ध्या टक्क्याच्या खाली येईपर्यंत थांबायचं. सगळ्या चाचण्या झाल्या की रिपोर्टवर माझी सही होते. त्या सहीची जबाबदारी मी पूर्ण घेतो. पण ट्रान्सफॉर्मर घेऊन ट्रेलर गेटबाहेर पडल्यावर लागणारे पूल, घाट, ड्रायव्हरची झोप, यातलं काहीच त्या सहीत येत नाही. नारळ मी त्याच्यासाठी फोडतो, आणि मनापासून फोडतो.

कोनाड्याचं अवघड आहे.

कॉलेजात असताना मी देव मानत नव्हतो, आणि ते आजीला रोज ऐकवायचो. आमच्या इंजिनिअरिंग फॅकल्टीचं मूळ 1890 च्या कलाभवन या तंत्रशाळेत, त्याचा मला भारी अभिमान. सयाजीरावांनी 1915 मध्ये पुरोहितांसाठी कायदा केला होता: परीक्षा द्यायची, विधींचा अर्थ यजमानाला कळेल असा सांगायचा. तो कायदा मी आजीसमोर आपटायचो. म्हणायचो, "महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलंय, अर्थ कळल्याशिवाय काही करू नये. तुला पुरुषसूक्ताचा अर्थ येतो का?" ती वाती वळता वळता म्हणायची, "नाही येत. तू सांग." मलाही येत नव्हता. मग मी विषय बदलायचो. त्या वीस वर्षांच्या मुलाचा आज राग येतो. पण त्याचं सगळंच चुकत होतं असंही मला म्हणवत नाही.

आता ते सांगतो, जे आत्यालाही माहीत नाही.

2024 ची गोकुळाष्टमी 26 ऑगस्टला होती. आम्ही तेव्हा कारेलीबागेत तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. दिवसभर पाऊस कोसळत होता, संध्याकाळी वीज गेली. आजीने मेणबत्तीच्या उजेडात बाराला जन्म केला, सुंठवडा वाटला आणि बाळकृष्णाला पाळण्यात निजवलं. पितळेचा, तळहाताएवढा. तिच्या लग्नात अन्नपूर्णेबरोबर माहेराहून आलेला. आजवा आणि प्रतापपुरा हे तलाव भरले की ते पाणी शहरातल्या विश्वामित्री नदीतच येतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी पाणी घरात येईल असं वाटलं नव्हतं. 27 ला पहाटे आईच्या हाकेने जाग आली आणि पाय खाली टाकला तो पाण्यात.

आजी एक्याऐंशीची, गुडघे गेलेले, मधुमेह. मी तिला पाठीवर घेतलं. आईने फ्रिजमधलं इन्सुलिन डब्यात घालून माझ्या दातांत दिलं, खरंच दातांत, कारण हात मोकळे नव्हते. बाबा आईला घेऊन पुढे निघाले. जिन्यावर पोचेपर्यंत पाणी माझ्या मांड्यांना लागलं होतं. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी आजीला आत घेतलं. तिने माझी कॉलर धरली आणि म्हणाली, "बाळकृष्ण पाळण्यात आहे रे. टाक खणात आहेत." मी म्हणालो, "आणतो."

आणि मी पुन्हा खाली गेलो. पाणी कमरेला लागलं होतं. देव्हारा समोरच होता, दारापासून चार पावलांवर. मी उजवीकडे वळलो. कपाटावरून लॅपटॉपची बॅग घेतली, तीत फ्लॅटच्या बुकिंगची फाइल कोंबली, बँकेचे कागद, माझी सर्टिफिकेटं. बॅग डोक्यावर धरून बाहेर आलो. देव तिसऱ्या खेपेला आणू, असं मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. तिसरी खेप झाली नाही. वरच्या काकांनी मला दंडाला धरून ठेवलं. अंधारात पाण्यात मगरी असतील म्हणाले. ती भीती पोकळ नव्हती, त्या दिवसांत शहराच्या वस्त्यांमधून 24 मगरी पकडल्या. नदीची धोक्याची पातळी 25 फूट, आणि ती 35 च्याही वर चढली होती.

पुढे आजीच्या तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "वसुदेवाने भर पुरात टोपली डोक्यावर घेतली होती." तेव्हा मी चढ्या आवाजात उत्तर दिलं, की माझ्या पाठीवर जिवंत माणूस होतं आणि मला हात दोनच आहेत. सगळे गप्प झाले. पहिल्या खेपेपुरतं ते उत्तर बरोबर आहे, त्याबद्दल आजही मी कोणाचं ऐकून घेणार नाही. दुसऱ्या खेपेत माझ्या डोक्यावर काय होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आजीला ते दिसलं होतं. बॅग घेऊन आलो तेव्हा ती दारातच बसली होती. तिने बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "कपडे बदल, गारठशील."

पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळात पाळणा सापडला, आडवा पडलेला. बाळकृष्ण नव्हता. बाबांनी आणि मी दोन दिवस पाट्या भरभरून गाळ उपसला, हाताने चिवडून पाहिला. अन्नपूर्णा मिळाली, घंटा मिळाली. सागवानी देव्हारा जागेवरच होता, पण लाकूड फुगून खण घट्ट अडकला होता. त्यात खंडोबाचा आणि भवानीचा टाक.

इथे माझं दुसरं चुकलं. की चुकलं नाही? मला खरंच ठरवता येत नाही. बाबा म्हणाले, पटाशी लावून खण फोडू. मी म्हणालो, नको. भिजलेलं लाकूड सावलीत हळूहळू वाळवायचं, घाई केली तर तडकेल. सुकवणं हे माझं रोजचं काम, म्हणून सगळ्यांनी माझं ऐकलं. आम्ही आत्याकडे राहायला गेलो, देव्हाराही नेला आणि व्हरांड्यात ठेवला. आजी रोज सकाळी विचारायची, "उघडला का रे?" मी रोज म्हणायचो, "वाळू दे, आजी. चांदीला काही होत नाही." चांदीला काही होत नव्हतं, हे खरंच होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, झोपेतच, ती गेली. खण दिवाळीनंतर एका दुपारी, आईने सहज ओढला आणि सुटला. लाकडाला एकही तडा गेला नव्हता. आत आजीने वळून ठेवलेल्या वातींचा लगदा झाला होता आणि त्याखाली, लाल कापडात, दोन्ही टाक.

तडा गेला असता तर काय बिघडलं असतं?

फ्लॅटचा ताबा पुढच्या मार्चमध्ये मिळाला. तिसरा मजला, मजला निवडताना मी पुराच्या आधीच चार गोष्टींचा हिशेब केला होता, हवा, उजेड, हप्ता आणि लिफ्ट बंद पडली तर आजी. बिल्डरने ईशान्येला संगमरवरी कोनाडा करून दिला आहे, वर पितळी जाळी. वीस वर्षं हप्ते भरायचे आहेत, आणि त्या फाइलीतला प्रत्येक कागद कोरडा आहे. बँकेत त्या कागदांवर एकही डाग नाही हे बघून अधिकारी म्हणाले, "पुरात बरे सांभाळलेत." त्या दिवशी मी जेवलो नाही.

तर देव मानत नाही म्हणून कोनाडा रिकामा आहे, असं नाही. मानत नसतो तर कधीच टाक मांडून मोकळा झालो असतो, आईला बरं वाटावं म्हणून. शास्त्रात याला काय सांगितलंय तेही गुरुजींनी समजावलं: हरवलेल्या मूर्तीबद्दल दोष धरू नका, नवी आणा, पूजा करा. त्यांनी प्रेमाने सांगितलं. पण गुरुजींना मी लॅपटॉपचं सांगितलं नव्हतं.

रविवारी मी कधी ईएमईच्या देवळात जाऊन बसतो. दक्षिणामूर्तीचं, म्हणजे गुरुरूपातल्या शिवाचं, ते देऊळ लष्कराच्या इंजिनिअरांनी 1966 मध्ये उभारलं, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि ते उभं करणारे ब्रिगेडियर यूजीन ख्रिस्ती होते. लहानपणी आजी तिथे नेत असे. गुरू तिथे बोलत नाही, शिष्यांचे संशय मौनाने फिटतात, असं ती सांगायची. माझे फिटलेले नाहीत. पण तिथे कोणी काही विचारत नाही, तेवढ्यानेही हलकं वाटतं.

टाक सध्या आईच्या कपाटात आहेत, त्याच लाल कापडात. ती स्वयंपाकघरातल्या गणपतीच्या तसबिरीपुढे दिवा लावते आणि म्हणते, "तू म्हणशील तेव्हा मांडू." परवा मी टेप घेऊन कोनाडा मोजला. रुंदी बावीस इंच. आजीचा देव्हारा चोवीस. आई म्हणाली नवा घेऊ. मी नको म्हणालो. जुना बसवायचा तर दोन्ही बाजूंचे खांब इंच-इंच तासावे लागतील. सुताराचा नंबर माझ्याकडे आहे. फोन अजून केलेला नाही.