पाचशे मिलिमीटरची पाटी, आठ मिलिमीटरची पाटी : आमची वाटचाल

आज आम्ही शोकेसमधल्या छोट्या गाड्यांसाठी नंबरपाट्या आणि अक्षरं छापतो, पण आमचं मूळ काम रेडियमचं. चिंचवडला वडिलांचं दुकान. नंबरप्लेट, रिक्षांच्या काचेवरची मुलांची नावं, टेंपोवरचं 'आई तुळजाभवानी प्रसन्न'. वडील सुरुवातीला ही सगळी अक्षरं ब्रशनं काढायचे, पुढे अक्षरं कापून देणारं यंत्र, कटिंग प्लॉटर, आलं. आजूबाजूला गाड्यांचेच कारखाने, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावूनच शोरूममधून बाहेर पडू लागल्या, आणि आमचा नंबरप्लेटचा गल्ला आटत गेला. तेव्हा धाकट्या भावाच्या नादाकडे मी धंदा म्हणून पाहिलं. त्याच्याकडे हॉट व्हील्स आणि माजोरेटच्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या गाड्यांचं कपाट भरलेलं. त्याची एकच खंत होती, यातल्या एकाही गाडीवर आपल्याकडची पाटी नाही. अक्षरं काढणाऱ्या घरात हे ऐकून गप्प बसणं शक्यच नव्हतं.

रेडियम इथे चालत नाही. स्टिकरचा व्हिनाइल साधारण 80 मायक्रॉन जाड असतो. 1:64 च्या, म्हणजे खरीपेक्षा 64 पट लहान गाडीवर तो लावला, तर खऱ्या गाडीच्या मापात पाच मिलिमीटर जाडीचा पत्रा दारावर ठोकल्यासारखा दिसतो. म्हणून वॉटरस्लाइड डीकल. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर अतिशय पातळ पारदर्शक फिल्म आणि फिल्मवर छपाई. पाण्यात भिजवलं की डिंक सुटतो आणि फिल्म गाडीवर सरकवता येते. इंकजेटवर छापलं तर वरून लॅकरचा थर द्यावाच लागतो, नाहीतर शाई पाण्यात वाहून जाते. लेझरच्या टोनरला ती भीती नसते, म्हणून आम्ही लेझरवर स्थिरावलो.

मापांचं गणित मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कारची लांब पाटी 500 बाय 120 मिलिमीटरची. 64 नं भागलं की 7.8 बाय 1.9 मिलिमीटर. नियमाप्रमाणे अक्षराची उंची 65 मिलिमीटर, म्हणजे आमच्याकडे एक मिलिमीटर. अक्षराच्या रेघेची जाडी 10 मिलिमीटर, म्हणजे आमच्याकडे 0.16. 600 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 600 ठिपके छापणाऱ्या प्रिंटरवर त्या रेघेच्या वाट्याला जेमतेम चार ठिपके येतात. नव्या पाटीवरचा अशोकचक्राचा होलोग्राम 20 मिलिमीटरचा. तो आमच्या पाटीवर 0.3 मिलिमीटरचा चमकता ठिपका होतो. पण तो नसला की जाणकाराच्या नजरेला पाटी चुकीची वाटते, म्हणून तो आम्ही देतोच.

जुन्या पाट्यांची मजा वेगळी. 'एमएच' येण्याआधीचे तीन इंग्रजी अक्षरांचे नंबर, काळी पाटी आणि पांढरी अक्षरं. साधा प्रिंटर पांढरं छापतच नाही. त्यामुळे पांढऱ्या फिल्मच्या कागदावर काळी पाटी छापायची आणि अक्षरांची जागा कोरी ठेवायची. टोनर कडेनं किंचित पसरतो आणि कोरं अक्षर बारीक होतं, म्हणून फाइलमध्ये अक्षर थोडं जाड काढायचं. किती जाड, हे ज्याच्या त्याच्या प्रिंटरवर अवलंबून.

एसटीच्या लाल अंगावर पांढरी अक्षरं हवी असतील तेव्हा मात्र ही युक्ती चालत नाही. पूर्वी जपानच्या आल्प्स कंपनीचे प्रिंटर रिबनमधून पांढरा आणि धातूचा रंग छापत. त्यांचं उत्पादन कधीच थांबलं, तरी जगभरचे मॉडेलवाले अजून त्यांच्या रिबन शोधत असतात. आम्ही सुरुवातीला पांढरं काम बाहेरून करून घेतलं, पुढे कर्ज काढून पांढऱ्या टोनरचा लेझर प्रिंटर घेतला. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि सगळ्यात योग्यही.

त्यानंतर देवनागरी आली. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी सुटली. तो मार्ग फलकावर लिहून हवा असलेले गिऱ्हाईक आमच्याकडे नेहमी येतात. इंग्रजी अक्षराला सगळी उंची एकट्याला मिळते. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार, असे तीन मजले त्याच उंचीत बसवायचे असतात. संगणकावरचा फाँट नुसता लहान केला तर 'पुणे'चा उकार भरून जातो आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. म्हणून वडील ही अक्षरं मोठ्या कागदावर हातानं काढून देतात. शिरोरेघ बारीक, पोकळ्या मोठ्या, अनुस्वार जरा वर उचललेला. मग आम्ही ती स्कॅन करतो. हे काम मला दुकानातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

लावण्याबद्दल लोक फार विचारतात. आधी गाडीवर ग्लॉस क्लिअर कोट, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर हवा. खरखरीत रंगावर फिल्मखाली हवा अडकते आणि डीकल चंदेरी दिसतं. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या; बोअरचं पाणी सुकल्यावर डाग सोडतं. डीकल पंधरा-वीस सेकंद भिजवा, बाहेर काढून मिनिटभर थांबा, मग ओल्या ब्रशनं सरकवा आणि कॉटन बड मधून कडेकडे फिरवा. दाराच्या खाचांवर मायक्रो सोल हे फिल्म मऊ करणारं द्रावण लावलं की फिल्म सुरकुतते. तेव्हा घाबरून हात लावायचा नाही, ती आपोआप बसते. रात्रभर वाळू द्या. वरचा लॅकर आधी अगदी हलका, धुक्यासारखा मारा. पहिलाच हात ओला मारलात तर डीकल तडकतं. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर दुधाळ होतो, म्हणून आम्ही जून ते सप्टेंबर छपाई चालू ठेवतो, पण फवारणी फक्त कोरड्या दिवशी.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. तेव्हापासून काळी-पिवळीच्या ऑर्डर वाढल्या आहेत. त्यातल्या पुष्कळ टॅक्सीवाल्यांच्या मुलांच्या, काही दुबईहून, काही जर्मनीहून. त्यांना कुठलाही नंबर चालत नाही, वडिलांच्याच गाडीचा हवा असतो. अशा कामाला मी घाई करत नाही.

एक नियम आम्ही पाळतो. आमच्याकडे बदललेल्या प्रत्येक गाडीच्या तळाला आमचं छोटं चिन्ह असतं. कारखान्यातूनच टँपो छपाई (रबरी ठशानं रंग उमटवण्याची पद्धत) होऊन आलेली दुर्मीळ गाडी म्हणून ती कोणी पुढे विकू नये, एवढ्यासाठी.

ऑर्डर देताना गाडीचा पुढचा आणि मागचा फोटो पाठवा. पाटी एका ओळीची होती की दोन, अक्षरं रंगवलेली होती की रेडियमची, एवढं कळवा. फोटो नसेल तर घरच्या जुन्या आरसी बुकातला नंबर आणि गाडीचं साल पुरेसं आहे. बाकीचं वडील विचारून घेतात.