नोटीस मीच लावली होती

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक आहे. दाखले, घरकुलाच्या याद्या, ऑनलाइन अर्ज, जे काही कम्प्युटरवर येते ते माझ्याकडे, आणि नोटीस लावायचं कामही बहुतेक मलाच. वरून कागद येतो, बोर्डावर लावायचा, मोबाईलवर फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, "प्रसिद्ध केली" असं लिहून द्यायचं की झालं. त्या दिवसापर्यंत मलाही वाटायचं की झालं.

शुक्रवार होता. कापूस वेचणी जोरात, गावात चिटपाखरू नाही. एक काकाजी सोसायटीच्या कामासाठी सातबारा काढायला आले. प्रिंटर अडकला होता म्हणून ते दाराजवळ टेकून उभे राहिले, तिथंच भिंतीवर तीन पानांची एक नोटीस स्टेपल करून लावली होती, बोर्ड भरलेला होता म्हणून मीच तिथं लावलेली. पंख्यानं तिची पानं उडत होती. काकाजींना वाचता जेमतेमच येते पण आपला गट नंबर कोण विसरते? त्यांनी उडणारं पान हातानं दाबून धरलं आन् म्हणाले, "बापू, हा तं आपलाच नंबर दिसून राह्यला. काऊन लिहिला हो इथं?"

नोटीस महामार्गाच्या जमिनीची होती, ज्याला सगळे थ्री-ए म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग कायदा 1956, कलम 3अ. सरकारला तुमची जमीन घ्यायचा विचार आहे असं सांगणारी पहिली अधिसूचना. पहिल्या पानावर नुसती कायद्याची भाषा आणि गट नंबरचा तक्ता तिसऱ्या पानावर. आमच्या गावचे चौदा गट होते त्यात. दहा दिवसांपासून ती भिंतीवर होती आणि मी रोज तिच्याजवळून आत-बाहेर करत होतो.

हरकतीला 21 दिवस असतात हे मला ऐकून माहीत होतं, म्हणून मी काकाजींना म्हटलं घाबरू नका, अजून अकरा दिवस आहेत. मग नीट वाचलं. दिवस मोजायचे ते राजपत्रात छापून आल्याच्या तारखेपासून, माझ्या भिंतीवर लागल्यापासून नाही, पेपरात आल्यापासूनही नाही. भारताचं राजपत्र 2015 पासून कागदावर छापतच नाहीत, फक्त वेबसाइटवर, ते हिंदी आणि इंग्रजीत. तिथं जाऊन तारीख काढली आणि कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं तर तो एकोणिसावा दिवस निघाला. शनिवारी ऑफिसं बंद, रविवारी एकविसावा दिवस. (शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवशी देता येते हे एका वकिलानं नंतर सांगितलं, पण तेव्हा आम्हाला कोण सांगणार होतं.) म्हणजे आजच संध्याकाळी सव्वासहाच्या आत एसडीओ, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या ऑफिसला कागद पोचला पाहिजे, आणि तेव्हा साडेअकरा वाजले होते.

हे मला आजही पटत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात 60 दिवस आहेत, नोटीस स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत, तहसीलला लावायची हे कायद्यातच लिहिलं आहे. महामार्गाला मात्र दोन पेपरात सारांश दिला की भागलं, त्यातला एक स्थानिक भाषेतला. आमच्या नोटिशीचा सारांश ज्या पेपरात आला तो गावात येतच नाही.

ग्रुपवर टाकलं, पण वेचणीत मोबाईल कोण पाहते. कोतवाल त्याच्या गाडीवर शेताशेतात गेला. एक म्हातारी बाई ओटीत कापूस तसाच घेऊन आली आणि मला म्हणाली, "आंधी मुनादी व्हायची ना रे बाबू, आता भित्तीले सांगता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हरकती मी प्रत्येकाच्या वेगळ्या लिहिल्या, सगळ्यांना एकच मजकूर छापून दिला तर कोणी वाचत नाही. काकाजींची विहीर रस्त्याच्या या बाजूला राहते आणि वावर त्या बाजूला, उंच भराव झाला तर पाइप कुठून न्यायचा, बैलबंडी कुठून काढायची हे लिहिलं. त्या म्हातारीच्या सातबाऱ्यावर विहीर आहे, संत्र्याची झाडं आहेत आणि नोटिशीत नुसतं जिरायत. मोबदल्याचं प्रकरण पुढं वेगळं चालते, पण चूक आत्ताच कागदावर आलेली बरी असं मला वाटलं.

काळीपिवळी करून पाच वाजून वीस मिनिटांनी पोचलो. आवक टेबलावरचे बाबू म्हणे सगळे मिळून एकच अर्ज करा, नाहीतर सोमवारी या. मी म्हटलं साहेब, जमीन ज्याची हरकत त्याची, पोचही ज्याची त्याला द्या. बराच वेळ वाद झाला, मग आतून कोणीतरी सांगितलं घ्या म्हणून. अकरा शिक्के पडले. काकाजींनी त्यांची पोच टोपीच्या घडीत ठेवली.

चौदातले तिघं राहिले. एकानं सही केलीच नाही, सरकारपुढं काय बोलायचं म्हणे. एकाचा सातबारा अजून मेलेल्या बापाच्या नावावर, भावाभावांत बोलणं नाही. आणि एक पोरगा पुण्याला कंपनीत, त्याचा फोनच लागला नाही.

सुनावणीची नोटीस पुढं अकरा जणांना नावानिशी आली. त्यानंतर काही दिवसांनी पुण्याच्या त्या पोराचा मला फोन आला. ओरडला नाही, नुसतं विचारलं, "दादा, नोटीस लावली होती का?"

लावली होती म्हटलं, फोटो आहे. तो म्हणाला पाठव. पाठवायच्या आधी मी तो फोटो मोठा करून पाहिला. त्यात फक्त पहिलं पान दिसते.