खिचडी वाचवली आणि खुलासा द्यावा लागला

आमची शाळा झेडपीची, पहिली ते चौथी, पट ६८, पोषण आहार माझ्या गळ्यात. रोज अर्धी बादली खिचडी गावातल्या म्हशींना जायची. मग पंधरा दिवस उरलेलं काट्यावर मोजलं. टाकणारी जवळजवळ सगळी पहिली-दुसरीची पोरं. पाचवीपर्यंत प्रमाण सारखंच, १०० ग्रॅम तांदूळ, पण सहा वर्षांच्या पोराच्या पोटात तेवढा भात मावतो कुठे? म्हणून आधी अर्धा डाव, मग मागेल त्याला मागेल तितक्यांदा. आठवड्याभरात बादली रिकामी, आणि मावशी आपणहून किलोभर तांदूळ कमी धुवायला लागल्या.

तिथंच फसले. ६० पोरं जेवली की हिशोबात ६ किलो वजा होतात, आम्ही शिजवलेला पाच, महिन्याने कोठीत वहीपेक्षा वीस-बावीस किलो जास्त! तपासणीला आलेले साहेब म्हणे, "जास्त कसा? पोरांना उपाशी ठेवलं की हजेरी फुगवली? लेखी खुलासा द्या."

खुलासा घेऊन तालुक्याला गेले तर त्या टेबलाचे भाऊसाहेब रजेवर. दुसऱ्यांदा गेले तर नुसतं मुख्याध्यापकांचं पत्र चालत नाही, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणा. आता समितीतले निम्मे पालक ऊसतोडीला, कोरम जमवता जमवता तीन आठवडे गेले, तो ठराव घेऊन एसटीने तिसऱ्यांदा गेले तर उत्तर काय, "मॅडम, तांदूळ कमी पडला तर काय करायचं ते आहे, उरला तर काय करायचं असं काही आलेलंच नाही." मी तिथंच खुर्चीवर बसले, म्हटलं आता उठणार नाही. शेवटी केंद्रप्रमुख सर शाळेत आले, तांदूळ समोर मोजला, पंचनाम्यावर सह्या झाल्या, पुढच्या मागणीतून तेवढा वजा. अर्ध्या तासाचं काम हो!

तुम्ही करणार असाल तर ठराव आधी घ्या, मग तांदळाला हात लावा. डाळ-भाजी अजिबात कमी करू नका. आणि हो, रोज प्रत्यक्ष शिजवलेलं वजन चव नोंदवहीतच लिहा आणि चाखायला आलेल्या पालकाची तिथंच सही घ्या, मी लिहिलं नव्हतं म्हणून एवढं रामायण झालं.

सध्या काटा परत बाहेर काढलाय. मटकीची उसळ उरतेय.